सरकारी गाड्यावरची भाजी : सवलत कुणाला, रिकामी पिशवी कुणाची?

गोव्याच्या सरकारला एका गोष्टीचा मोठा अभिमान आहे. 'आम्ही गरिबाला स्वस्त भाजी देतो!' गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे गाडे गावोगाव उभे आहेत. कांदा, बटाटा, टोमॅटो, कोबी, गाजर, हिरवी मिरची तिथे बाजारापेक्षा कमी भावाने मिळते आणि मधला फरक सरकारी तिजोरीतून भरला जातो. महागाई वाढली, लोक ओरडू लागले, की मंत्रीमहाशय या गाड्यांकडे बोट दाखवतात.

गाडा वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली तेव्हा या गाड्यांनी गृहिणीला हात दिला, हे नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण शेतकरी बंधूंनो, रापणकार भावांनो आणि डोक्यावर पाटी घेऊन उन्हातान्हात फिरणाऱ्या मायबहिणींनो, पैसा तुमचा आहे. तो कुठे जातो हे विचारण्याचा अधिकारही तुमचाच आहे. म्हणून आम्ही तीन साधे प्रश्न विचारतो. गाड्यावरची सवलत कुणाच्या पिशवीत पडते? त्या भाजीचा पैसा कुणाच्या शेतात जातो? आणि ज्या मासळीवर गोव्याचा गरीब जगतो, त्या मासळीला या योजनेत जागा का नाही?

पोट भरते, अंग भरत नाही

आधी गरिबाच्या ताटाचा हिशेब मांडू. पाच माणसांचे एक मुंडकाराचे घर घ्या, पाचही जण मोठे धरा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसाने रोज निदान ४०० ग्रॅम भाजी आणि फळे खावीत, आणि त्यात बटाटा, कणगी धरायची नाहीत. पाच माणसांना दिवसाला २ किलो, महिन्याला ६० किलो. सरासरी भाव ४० रुपये किलो धरला तर महिन्याला २,४०० रुपये झाले.

आता सरकार काय देते ते पाहा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय घराला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. म्हणजे आमच्या घराला २५ किलो धान्य आले. भाताची सोय झाली. पण त्या रेशनच्या हक्कात भाजी नाही, डाळ नाही, मासळी नाही. गृह आधार योजनेचे १,५०० रुपये घरच्या बाईला मिळत असतील, तर त्यातला पै न पै भाजीवर घातला तरी ९०० रुपये कमी पडतात. शिवाय गॅस आहे, औषध आहे, मुलांची वह्यापुस्तके आहेत. ते पैसे भाजीपर्यंत पोचतच नाहीत.

परिणाम आम्ही मास्तर लोक रोज डोळ्यांनी पाहतो. सकाळी चहापाव खाऊन आलेले पोर अकरा वाजता बाकावर मान टाकते. शाळेतल्या माध्यान्ह आहारात प्राथमिकच्या मुलाला ५० ग्रॅम आणि वरच्या वर्गातल्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी ठरली आहे. पुष्कळ घरांतल्या मुलांची दिवसातली मोठी भाजी तीच! पोटात भात जातो म्हणून उपासमार दिसत नाही. पण रक्त पांढरे पडलेल्या आया आणि खुरटलेली पोरे ही उपासमारच आहे, फक्त ती भाताच्या ताटाआड लपली आहे.

कुणी म्हणेल, दरडोई उत्पन्नात गोवा देशात पहिल्या रांगेत आहे, तिथे गरीब कुठला? अहो, एकाने दोन बांगडे खाल्ले आणि दुसरा उपाशी निजला, तरी सरासरीने दोघांनी एकेक बांगडा खाल्ला असेच निघते. सरासरीने कुणाचे पोट भरत नाही.

सारखी सवलत म्हणजे न्याय नव्हे

आता पहिला प्रश्न. गाड्यावर रेशनकार्ड कुणी विचारीत नाही. जो येईल त्याला एकच भाव. वरवर पाहता हा समतेचा कारभार वाटतो. वर्गातल्या साऱ्या मुलांना एकाच मापाचा सदरा वाटला, तर त्यालाही समता म्हणता येईल. मोठ्याला तो आखूड होतो, लहान त्यात बुडतो, आणि सदरे वाटल्याची नोंद मात्र दप्तरात होते.

उदाहरणादाखल समजा की गाड्यावरची भाजी किलोमागे १० रुपये स्वस्त आहे. मुंडकाराच्या घरात महिन्याला १० किलो भाजी घेण्याची ताकद आहे. त्याला सरकारकडून १०० रुपये मिळाले. शेजारच्या बंगल्यातला बाबू ६० किलो घेतो. त्याला ६०० रुपये मिळाले. ज्याची ऐपत मोठी त्याची पिशवी मोठी, आणि ज्याची पिशवी मोठी त्याला सरकारी मदत सहापट! दिल्ली-मुंबईहून येऊन इथे दुसरे घर बांधणाऱ्यालाही तोच भाव आणि खाजनाच्या चिखलात कमरेइतका उभा राहणाऱ्यालाही तोच भाव. ही गरिबाची योजना नव्हे. गरिबाच्या नावाने सगळ्यांसाठी काढलेली योजना आहे, आणि तिचा मोठा घास मोठ्या तोंडात जातो.

भांडवलशाहीच्या माहेरी काय केले?

मग करायचे काय? हे कोडे जगात कुणी सोडवलेच नाही असे नाही. अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी सरकारी मदत मिळते. पण स्वस्त आणि पोटभरू पदार्थांत ती संपते, ताजी भाजी मागे राहते, हे तिथेही दिसून आले. म्हणून न्यूयॉर्क शहराने २००५ पासून शेतकऱ्यांच्या बाजारात एक युक्ती केली. गरीब माणसाने तिथे सरकारी मदतीतले ५ डॉलर खर्च केले, की त्याला भाजी-फळांसाठी २ डॉलरचे कूपन वर मिळे. २००९ साली डेट्रॉइट शहरात याहून पुढचे पाऊल पडले. शेतकऱ्याकडून एका डॉलरची भाजी घेतली, की आणखी एका डॉलरची भाजी घ्यायला मदत, म्हणजे रुपयाला रुपया.

याचा उपयोग होतो की नाही, याचीही परीक्षा झाली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅम्पडेन परगण्यात २०११-१२ साली ७,५०० घरे चिठ्ठ्या टाकून निवडली. भाजी-फळांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट त्यांच्या खात्यात परत जमा केले. ज्यांना ही सवलत मिळाली ते इतरांपेक्षा २६ टक्के अधिक भाजी-फळे खाऊ लागले. २०१४ च्या शेती कायद्यात अमेरिकन संसदेने या कामाला पाच वर्षांसाठी १० कोटी डॉलर दिले आणि २०१८ च्या कायद्यात ते २५ कोटी केले.

यातले मर्म लक्षात घ्या. मदत गरिबाच्याच नावावर, ती भाजीसाठीच, आणि पुष्कळ ठिकाणी ती थेट शेतकऱ्याच्या हाती पोचणारी. भाव सगळ्यांसाठी पाडला तर शेतकऱ्याच्या भावालाही खाली ओढ लागते. कूपनाने शेतकऱ्याला पुरा भाव मिळतो आणि गरिबाला अर्ध्या किमतीत भाजी मिळते. दोघांचे भांडण मिटते.

शहाण्यांच्या शंका

आमच्या पणजीच्या शहाण्यांची पहिली शंका ठरलेली आहे. 'कूपन दिले तर गरीब माणूस ते विकून दारू पिईल.' दारू रोख पैशाने पितात. भाजीचे कूपन भाजीवाल्याखेरीज कुणी घेणार नाही, अशी व्यवस्था करणे सरकारला अशक्य नाही. शिवाय २०१३ च्या कायद्याने रेशनकार्डावर घरातल्या ज्येष्ठ बाईला कुटुंबप्रमुख ठरवले आहे. कूपन तिच्या हाती जाऊ द्या. चूल सांभाळणाऱ्या बाईवर ज्याचा विश्वास नाही, त्याने गरिबीवर बोलूच नये.

दुसरी शंका : 'गरिबाला भाजीची गोडी नाही, त्याला शिकवले पाहिजे.' वा! पावसाळ्यात तायकिळा कुणी खुडला? अळू, आकूर, कुर्डू आणि शेवग्याचा पाला ओळखणारी बाई कोण? अष्टमीला शेवग्याची भाजी कुणाच्या घरी होते? पोषणाचे शास्त्र पुस्तकात येण्याआधी ते आमच्या आज्यांच्या ओटीत होते. गरिबाला गोडीची कमतरता नाही, पैशाची आहे. रान तोडून तिथे प्लॉट पाडले, म्हणून फुकटची भाजीही गेली.

तिसरी शंका पैशाची. तिजोरीतून आजही फरकाचा पैसा जातोच आहे. तोच पैसा बंगल्याच्या पिशवीतून काढून मुंडकाराच्या पिशवीत घाला, इतकेच आमचे मागणे.

घाट बंद तर चूल बंद

आता दुसरा प्रश्न. गाड्यावरची बहुतेक भाजी येते कुठून? बेळगावहून, चोर्ल्याच्या घाटाने. पावसात दरड कोसळली की आपल्या आमटीतली कोथिंबीर महागते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, पहिल्या दिवसांत किराणा आणि भाजीची दुकानेसुद्धा बंद राहिली, तेव्हा गोव्याची चूल किती परस्वाधीन आहे हे लहान पोरालाही कळले.

बेळगावच्या शेतकऱ्याचा आम्हाला दुस्वास नाही. उचगाव-कडोलीच्या बाजूचा तो शेतकरी आमचाच मराठी भाऊ आहे. १९५६ साली त्याला त्याच्या मनाविरुद्ध म्हैसूर राज्यात ढकलले आणि आज आपल्याच जमिनीचा उतारा त्याला कन्नडमध्ये वाचावा लागतो. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावलेल्या दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. त्याची भाजी अडत्याच्या हातून जाते, आणि गोव्याच्या तिजोरीतून गेलेल्या पैशातला किती त्याच्या हाती पडतो, हे गोव्यात कुणी विचारीत नाही.

पण गोव्यातल्या शेताचे काय? आगशीची वांगी, सात शिरांचा भेंडा, खोल्याची आणि हरमलची मिरची, ताळगावची भाजी, भाताच्या कापणीनंतर होणारे अळसांदे, तांबडी भाजी, मुळा ही काही कमी प्रतीची पिके नाहीत. अडचण अशी की सगळ्यांची भाजी एकाच हंगामात निघते, भाव कोसळतो, आणि पुढच्या वर्षी शेतकरी शेत पड ठेवतो. पड पडलेल्या शेतावर दलालाची नजर लगेच जाते. खाजनाचा बांध फुटतो, मानशीची दारे कुजतात, खारे पाणी आत शिरते, आणि मग 'इथे काही पिकत नाही' असा दाखला देऊन जमीन रूपांतराला मोकळी!

कसेल त्याला जमीन मिळावी म्हणून कुळांनी लढा दिला. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती ही त्या लढ्याची फळे. पण जमिनीबरोबर बाजार मिळाला नाही, तर कुळाच्या हाती उरतो तो फक्त कागद. रेशनकार्डावरचे कूपन गावातल्या शेतकऱ्याकडे चालले, तर त्याला गावातच ठरलेले गिऱ्हाईक मिळते. तामिळनाडूने १९९९ साली मदुराईपासून शेतकऱ्यांचे दलालमुक्त बाजार उघडले. केरळने १ नोव्हेंबर २०२० पासून सोळा पिकांना, त्यात बहुतेक भाज्या, किमान भाव बांधून दिला. या राज्यांकडे काय जादूची कांडी होती? शेतकऱ्याची लाज होती, एवढेच.

मासळी म्हणजे चैन नव्हे

तिसरा प्रश्न मासळीचा. बाहेरच्या पुस्तकात ताजे अन्न म्हणजे भाजी आणि फळे. गोव्याच्या गरिबाचे ताजे अन्न म्हणजे तारली, पेडवे, बांगडा. शीतकढीबरोबर दोन तारल्या पडल्या की मुलाच्या अंगाला लागते. तरी सरकारच्या स्वस्त अन्नाच्या हिशेबात मासळी नाही. जणू ती पर्यटकाच्या ताटासाठीच समुद्रात जन्मली!

रापणीला मासळी भरघोस लागली की भाव पडतो, आणि टनावारी तारली माशांचे पीठ आणि तेल काढणाऱ्या कारखान्यांकडे जाते. किनाऱ्यापासून दोन कोसांवरच्या आदिवासी वाड्यावर मात्र तीच तारली परवडत नाही. २०१८ च्या जुलैत बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलीन सापडल्याचा गदारोळ झाला. तेव्हा श्रीमंताने कोंबडी आणली, गरिबाने मीठ लावून भात खाल्ला.

आणि खुद्द खारव्याच्या घरचे हाल? दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. ती असावी, समुद्राला विसावा हवाच. पण ६१ दिवस ज्याची होडी उलटी पडलेली असते, त्याच्या चुलीने काय करावे? जगाला खाऊ घालणाऱ्याच्या घरी सुक्या सुंगटांच्या भुकटीवर दिवस निघतात. या दोन महिन्यांत मच्छीमारांच्या आणि बोटीवरच्या खलाशांच्या घरांना दुप्पट कूपन मिळाले पाहिजे. बंदी नसते तेव्हा तेच कूपन पाटीवाल्या बाईकडे चालले पाहिजे. गोठवलेल्या डब्यावर ते चालता कामा नये.

हद्दीने कुणाचे भले केले?

वाचक विचारतील, या सगळ्याचा विलीनीकरणाशी संबंध काय? सांगतो.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि विरुद्ध १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी आम्ही हरलो. तेव्हा आम्हाला सांगण्यात आले, महाराष्ट्रात गेलात तर गोवा मोठ्या राज्याचा कोपरा होईल, तुमची शेते परक्यांच्या घशात जातील. बरे! वेगळे राहिलो. ३० मे १९८७ रोजी घटकराज्यही झाले. शेते कुणाच्या घशात गेली? डोंगर कुणी कापले? वेगळेपणाच्या कुंपणाने राखण केली ती शेताची नव्हे, प्लॉटच्या धंद्याची केली.

चूल आणि हद्द यांचे भांडण जुने आहे. १९५५ साली भारताने नाकेबंदी केली, तेव्हा सालाझारच्या राजवटीने गोव्यासाठी बटाटे हॉलंडहून आणि चहा सिलोनहून आणला, पण गोव्याची चूल सह्याद्रीच्या पलीकडल्या शेताशी बांधलेली आहे हे कबूल केले नाही. आजचे सरकार रोज घाटावरून ट्रक आणते. भाजीचे विलीनीकरण कधीच झाले आहे, अडून बसले आहे ते राज्यकर्त्यांचे मन!

३,७०२ चौरस किलोमीटरचे राज्य एकट्याने भाजीचा बाजार उभा करू शकत नाही. त्याला सावंतवाडी-दोडामार्ग हवे, चंदगड हवे, बेळगाव हवे. या सलग मुलखात एकच भाव, एकच खरेदी, एकच वाहतूक असती, तर पेडण्याचा आणि बांद्याचा शेतकरी एकमेकांचा भाव पाडण्याऐवजी एकत्र विकता. तिळारीकडे पाहा. धरण दोडामार्गात आणि कालव्याचे पाणी पेडणे, डिचोली, बार्देशात. १९९० सालच्या दोन राज्यांच्या कराराने हे घडले. पाण्याला हद्द आडवी आली नाही, मग वांग्याला का यावी?

महाराष्ट्राचे आम्ही भाट नव्हे. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली रोजगार हमी त्याने १९७७ साली कायद्यात आणली, १९९० पासून तिच्याशी फळबागा जोडल्या, २०२० साली दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण गरिबाच्या रेशनवर भाजी त्यानेही ठेवलेली नाही. तेव्हा ही मागणी पणजीकडे आहे तशी मुंबईकडेही आहे. मराठी मुलखातल्या कोणत्याही चुलीवर ती सारखीच लागू आहे.

'हद्दी बदलत नसतात, गाडलेले मुडदे उकरू नका,' असे सांगणाऱ्यांनी दमणकडे पाहावे. एके काळी ते आमच्याच केंद्रशासित प्रदेशात होते. संसदेच्या कायद्याने २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीव दादरा नगर हवेलीला जोडले गेले. घटनेच्या तिसऱ्या कलमात संसदेला तो अधिकार आहे. लोकांनी मागितले पाहिजे.

तोवर काय मागायचे?

विलीनीकरण होईल तेव्हा होईल. पोट तोवर थांबत नाही. म्हणून पुढच्या ग्रामसभेत हे ठराव मांडा.

पहिला : अन्नसुरक्षेच्या प्रत्येक रेशनकार्डावर घरच्या बाईच्या नावे महिन्याला भाजी-मासळीचे कूपन मिळावे. तिने रुपयाची ताजी भाजी घेतली, की सरकारने दुसऱ्या रुपयाची द्यावी.

दुसरा : हे कूपन गाड्यावर चालावे, तसेच गावच्या शेतकऱ्याकडे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि पाटीवाल्या मासळीवालीकडेही चालावे. तिचे पैसे आठवड्याच्या आत सरकारने चुकते करावेत. उधारीने ती बुडाली, तर योजना तिच्याबरोबर बुडेल.

तिसरा : गोव्यात पिकणाऱ्या भाजीला हंगामाआधी किमान भाव जाहीर व्हावा आणि शाळेच्या माध्यान्ह आहाराची भाजी आधी गावच्या शेतातून घ्यावी.

चौथा : बंदीच्या ६१ दिवसांत मच्छीमार घरांना दुप्पट कूपन मिळावे.

पाचवा : तिळारीच्या धर्तीवर गोवा आणि महाराष्ट्र सरकारांनी भाजीच्या खरेदी-वाहतुकीचा संयुक्त करार करावा, आणि सिंधुदुर्ग-चंदगडच्या शेतकऱ्याकडून थेट खरेदी व्हावी.

सरपंच म्हणतील, हा विषय पंचायतीच्या कक्षेत नाही. त्यांना शांतपणे सांगा, ठराव लिहून घ्या आणि वर पाठवा. कागदावर सही मागा, प्रत मागा. आमदार पुढच्या वेळी ओटीवर येऊन बसेल, तेव्हा चहाबरोबर ती प्रत त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, 'बाबा, सवलत कुणाच्या पिशवीत गेली?'

जय गोमंतक! जय महाराष्ट्र!